नवसाचं इंजिन

काउसेते, मंगळवार,
दुपारची झोप सोडून

प्रिय नेलिदा,

रविवारी तू फोन आपटलास, त्यानंतर मी बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा होतो. तुझ्या आईला वाटलं, तू अजून बोलते आहेस. ती खुर्चीतूनच ओरडत राहिली, "तिला विचार, पोरगी नीट जेवते का? आणि तिकडचं सूप देऊ नका म्हणावं. राजधानीत सूप म्हणून भांडी विसळलेलं पाणी देतात!" मी रिकाम्या फोनला विचारल्यासारखं केलं आणि तिला सांगितलं, जेवते, छान जेवते. "तुला इंजिन हवंय की मुलगी, एकदा काय ते ठरव," हे तुझं वाक्य मात्र तिला सांगितलं नाही. नेलिदा, हा प्रश्न तू मला विचारावास याचं फार वाईट वाटलं. रागही आला. पण मी गप्प बसलो तो रागामुळे नाही. माझा गोंधळ उडालाय. असा गोंधळ, की आज सकाळी मातेचा चहा करायला घेतला तर पानं किटलीत टाकली आणि उकळतं पाणी पानांच्या डब्यात ओतलं. त्यावरून तुझी आई मला अजून सुनावते आहे. फोन आहे बोळात आणि बोळातच तिची खुर्ची. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला दुसरा उद्योग नाही, कान मात्र पूर्वीपेक्षा तिखट झालेत. तिच्यासमोर जे बोलता येत नाही ते लिहितो आहे. मधेच चिडून फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी जे झालं ते क्रमाने मांडतो, कारण माझ्याच डोक्यात त्याचा क्रम राहिलेला नाही. सेलेस्तेच्या डोक्यातली गाठ काढायला तिला आत नेलं आणि तू बाहेरच्या बाकावर बसून दिफुन्ता कोर्रेआला नवस बोललीस, माझ्या लेकीला डोळे उघडू दे, माझ्या अन्सेल्मोच्या तोरिनो गाडीचं इंजिन बायेसितोच्या देवळात तुझ्या पायाशी आणून ठेवते. लेकीनं डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी फोनवर तू आधी रडलीस, मग हसलीस, मग हे सांगितलंस. मी काहीच बोललो नाही तेव्हा म्हणालीस, "हसतोयस ना? हस. तुझा कशावरच विश्वास नाही." मी हसत नव्हतो. पुढच्या रविवारी मी कसंबसं विचारलं, तुला दुसरं काही सुचलं नाही का, तुझं शिवणाचं मशीन होतं, आजीचे चांदीचे चमचे होते. तर तू म्हणालीस, "जे दिल्यानं कुणाला दुखत नाही तो नवस कसला?" मी म्हटलं, पण दुखणार तर मला. "तेच तर," तू म्हणालीस, "तुझ्याही मुलीची गोष्ट आहे." आता डॉक्टर म्हणतात ती प्रवास करू शकते. तू म्हणतेस, नवस फिटल्याशिवाय तिला या घरात आणणार नाही, शब्द मोडून त्याच उंबऱ्यावरून तिला आत घ्यायची तुझी हिंमत होत नाही. मला ते समजतं. म्हणजे डोक्याला समजत नाही, पण पोटाला समजतं. म्हणून तुम्ही दोघी तिकडे तुझ्या चुलतबहिणीच्या सोफ्यावर आणि मी इकडे तुझ्या आईच्या ताब्यात.

तू मला ओळखतेस. दिफुन्ताच्या त्या देवस्थानावरून मी तुला आयुष्यभर चिडवत आलो. लोक तिथे पाण्याच्या बाटल्या वाहतात तेव्हा मी म्हणायचो, बिचारी वाळवंटात तहानेनं मेली तेव्हा कुणी घोटभर दिलं नाही आणि आता हिला बुडवायला निघालेत. गाडीचं पाणी उकळलं की मी मुद्दाम तिथेच थांबायचो आणि तू वाहिलेल्या बाटलीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचो. तू दोन्ही हात जोडून तिची माफी मागायचीस, आणि लहानगी सेलेस्ते मागच्या सीटवर खिदळायची. आठवतं ना? पोटात दुखून ती तान्हेपणी रडरड रडायची तेव्हा तुझ्या ओव्या नाहीत, तुझ्या आईचा बडीशेपेचा काढा नाही, फक्त तोरिनोचा आवाज तिला झोपवायचा. भर उन्हात, सगळं गाव दारं लावून झोपलेलं असताना, मी तिला घेऊन द्राक्षमळ्यांच्या रस्त्यानं दुसऱ्या गियरमध्ये फेऱ्या मारायचो. सहा सिलिंडरचा तो आवाज कसा असतो हे तुला काय सांगू, तू त्याला "तुझ्या नवऱ्याचं घोरणं" म्हणायचीस. पोरगी मात्र त्यात शांत झोपायची. त्या इंजिनाला मी जपलं त्यामागे हेही होतं, पण हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पुरुषमाणसानं इंजिन जपायला ताकदीची आणि वेगाची कारणं द्यायची असतात.

आणि जपलं म्हणजे किती लोकांच्या तोंडी लागून जपलं! गाडी घेतली तेव्हापासून जो तो बॉनेट उघडून मान हलवायचा. "चार बेअरिंगचं आहे रे, काढून टाक. सात बेअरिंगचं बसव." वाइनरीतला मॅनेजर म्हणाला, "डिझेल टाक, खर्च वाचेल." तुझ्या भावानं तर ट्रकचं इंजिन ठरवूनही ठेवलं होतं माझ्यासाठी. खोटं कोण म्हणतं? सहा सिलिंडरची एवढी लांब क्रँक चारच बेअरिंगांवर म्हणजे दोन खुंट्यांच्या दोरीवर ओलं ब्लँकेट वाळत घातल्यासारखं, मधे झोळ यायचाच. पण मी म्हटलं, याच इंजिनाला सुधारू, बदलू नको. आधी बोअर वाढवला, मोठे पिस्टन बसवले. मग हेड तडकलं तेव्हा दुसरं आणून ते घासून घेतलं, वाल्व मोठे केले. तुर्को यामिलनं त्याच्या लेथवर कॅम नव्यानं घासून दिला. क्रँक बदलली, पण चार बेअरिंगचीच, आणि ती तोलून घ्यायला मी कोर्दोबापर्यंत गेलो. शेवटी एकाच्या जागी तीन कार्ब्युरेटर आले. ते आले त्या दिवशी तू म्हणालीस, "एका पोराला पाजताना माझा जीव गेला, तू तिघं आणलेस." पण संध्याकाळी पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तूही ओट्यावर येऊन उभी राहिलीस. मी पाहिलं होतं.

तर घोडं इथंच अडलं. तू नवस बोललीस ते इंजिन नेमकं कोणतं? हसू नकोस, मी गंभीर आहे. गाडी घेतली तेव्हाचं हेड, पिस्टन, क्रँक, कॅम, एकटा कार्ब्युरेटर, सगळं शेडमधल्या फळीवर आहे. मी काही टाकून देत नाही हे तुला ठाऊक आहे, त्यावरून तू किती भांडलीस! गाडीत आता पूर्वीचं म्हणावं असं उरलंय ते फक्त लोखंडी ब्लॉक. मग मी विचारायला गेलो यामिलकडे. तो लेथ बंद न करताच म्हणाला, "ब्लॉक तिथं इंजिन. नंबर कशावर कोरलाय? गाडीच्या कागदावर कुठला नंबर आहे? बाकी सगळं म्हणजे बायकोचे दागिने. आज आहेत, उद्या दुसरे." मला पटलं. घरी येऊन तुझ्या आईला सहज म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "जावईबापू, माझी कंबर बदलली तर मी पेत्रोना राहणार नाही की काय? इंजिन म्हणजे जे आवाज करतं ते. फळीवरचं भंगार दिफुन्ताला द्यायचा विचार असेल तर आधी मला सांग, मी खुर्चीवरून उठून तुला काठीनं बडवते." मला तेही पटलं. माझी हीच पंचाईत झाली आहे हल्ली, जो बोलतो त्याचं पटतं.

मग गेल्या शुक्रवारी मी स्वतःच बायेसितोला गेलो. हो, मी. यामिलचा छोटा ट्रक मागून नेला, तोरिनो घेऊन तिथे जायची हिंमत झाली नाही, वाटलं तिला पाहिलं की लगेच ठेवून घेतील. सकाळपासून झोंदा, तो कोरडा गरम वारा, वाहत होता, तोंडात वाळू, डोकं भणाणलेलं. टेकडीच्या पायऱ्यांवर बायका गुडघ्यांवर चढत होत्या आणि खाली पाण्याच्या बाटल्यांचा डोंगर. तिथल्या त्या खोल्या मी आत जाऊन कधी पाहिल्याच नव्हत्या, तू जायचीस तेव्हा मी गाडीशीच थांबायचो. एका खोलीत नुसते लग्नाचे पोशाख. एका खोलीत कप, पदकं, सायकली, गिटार, गाड्यांच्या नंबरप्लेटी भिंतभर. कुण्या ट्रकवाल्यानं गिअरबॉक्स आणून ठेवलेला, वर तेल लावून, गंजू नये म्हणून. मी त्यावर बोट फिरवलं, तेल ताजं होतं. तिथल्या राखणदाराला मी आडून आडून विचारलं, समजा, एखाद्याच्या बायकोनं त्याच्या वस्तूचा नवस बोलला असेल, त्याला न विचारता, तर तो त्याच्यावर बंधनकारक आहे का? म्हातारा मान न वळवता म्हणाला, "इथे बायकांनीच बोललेले नवस असतात, आणि ते नवऱ्यांच्याच वस्तूंनी फिटतात. तुमचं काय आहे, ट्रॅक्टर?" मी म्हटलं, इंजिन. "किती सिलिंडर?" सहा. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग जरा मोठा कोपरा ठेवायला हवा." मी विचारलं, जुने भाग आणि नवे भाग असा प्रश्न असेल तर? तो म्हणाला, "साहेब, ती बाई बॉनेट उघडून बघत नाही. पण तुम्ही बघता. घरी जाऊन झोप लागेल असं काहीतरी आणा." माझा गोंधळ मिटवला असं त्या माणसाला वाटलं असेल. उलट वाढवला.

येताना मी भंगारवाल्याकडे थांबलो. कशाला, ते आधी मलाही नीट सांगता आलं नसतं. त्याच्या अंगणात मागच्या भिंतीशी तोरिनोचा एक उघडा ब्लॉक पडला होता, चार बेअरिंगचाच, आत कोंबडी बसलेली. मी तो घेतला. घरी आणून धुतला, घासला, शेडमध्ये ताडपत्री पसरून त्यावर ठेवला आणि फळीवरचं एकेक खाली काढायला लागलो. जुनी क्रँक, जुने पिस्टन, जुना कॅम. तडकलेलं हेड यामिलनं वेल्ड करून दिलं आणि शिव्याही दिल्या. पिस्टन बसले, थोडे सैल, पण बसले. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. काल तुझ्या आईनं काठी टेकत टेकत शेडच्या दारापर्यंत येऊन पाहिलं. पडल्यापासून पहिल्यांदाच ती एवढं चालली, फक्त माझ्यावर नजर ठेवायला! ताडपत्रीवर ते दुसरं सहा सिलिंडर उभं राहिलेलं पाहून ती म्हणाली, "अस्सं! म्हणजे चांगलं स्वतःला आणि कुजकं देवाला. मुलीच्या जिवाशी लबाडी करतोस?" एरवी मी तिला उलट बोललो असतो. काल नाही बोललो. तिला ओट्यापर्यंत हात धरून परत नेलं आणि पाणी दिलं. ती घाबरली, मी भांडत नाही म्हणजे मला काहीतरी झालंय असं तिला वाटलं.

यामिललाही तसंच वाटतंय. आज सकाळी तो आला. आम्ही दोघांनी मिळून चेनपुली लावून गाडीतलं इंजिन बाहेर काढलं, तिन्ही कार्ब्युरेटर, सगळ्यासकट. खाली गाडीचं पोट रिकामं, वर इंजिन हलकेच झुलतंय, आणि शेजारी ताडपत्रीवर त्याच्याच जुन्या आतड्यांचं दुसरं. यामिल दोन्हीकडे बघत राहिला. म्हणाला, "अन्सेल्मो, मला खरं सांग. तू दिफुन्ताला फसवतोयस की बायकोला?" मी म्हटलं, कुणालाच नाही, मला दोन हवीत. "दोन कशाला? गाडी एक, नवस एक." मी त्याच्या हातात पाना दिला आणि म्हटलं, तो बोल्ट सोडव. मित्र असल्यामुळे त्यानं सोडवला. पण जाताना म्हणाला, "झोंद्यानं माणसं वेडी होतात हे माझी आजी सांगायची, मला ते खोटं वाटायचं." तो गेल्यावर शेडमध्ये मी एकटाच होतो. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. एवढी वर्षं त्या इंजिनावर हात फिरवला, पण आज ते लोंबकळताना पाहून मला फक्त एकच विचार येत होता, की हे चुकीच्या दारात जाऊन पडलं तर काय होईल.

सेलेस्ते कशी आहे हे मला तुझ्या आईच्या ओरडण्यातून विचारावं लागतं. तिला डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात म्हणालीस, त्या गेल्या का? तिला तिचं शिक्षण पुढच्या वर्षीपासून सुरू करता येईल का? तिच्या खोलीतली खिडकी मी नीट बसवली, झोंदा आत येत नाही आता. पलंग भिंतीपासून हलवलाय, कारण उठताना तिला डोकं आपटायला नको. चादर कुठली घालायची ते मला कळेना म्हणून दोन घातल्यात. तुझ्या आईनं तिच्यासाठी सेमिता रोट्या भाजून ठेवायला सांगितल्या, मी भाजल्या, खालून जळल्या, कोंबड्यांनी खाल्ल्या. हे सगळं मी तुला रविवारी सांगणार होतो, आणि तू आधीच तो प्रश्न विचारलास.

आता ऐक. सेलेस्तेला ऑपरेशनला आत नेलं हे सांगायला तू दवाखान्याच्या बोळातून फोन केलास तो दिवस. दुपार होती, तुझी आई झोपली होती, गावात कुत्रंही दिसत नव्हतं. मला घरात बसवेना. तोरिनो काढली आणि निघालो, कुठे ते ठाऊक नव्हतं. कालव्याच्या रस्त्यानं गेलो. तिथे झाडाखाली गाउचितो हिलचं ते छोटं देऊळ आहे ना, लाल निशाणांचं, जिथे ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जातात, तिथे माझा पाय ब्रेकवर पडला. मी पाडला नाही, पडला. खाली उतरलो. इंजिन बंद केलं नाही, कारण मला वाटलं, ते बंद झालं तर सगळंच गप्प होईल. त्या पुतळ्याशी कसं बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मी "अहो" म्हणालो. नेलिदा, मी एका मातीच्या पुतळ्याला अहो म्हणालो! म्हटलं, अहो, तुमच्याबद्दल मी कायम थट्टाच केली, तर आता तोंड वर करून काय मागू. पण माझ्याकडे देण्यासारखं एकच आहे, ते मागे चालू आहे, ऐका. आणि मी बाजूला सरकून उभा राहिलो, त्याला नीट ऐकू यावं म्हणून. मग म्हणालो, माझ्या दोघी घरी येऊ द्या, दोघी, की हे तुमचं. लाल रिबिन जवळ नव्हती, खिशातलं हात पुसायचं फडकं फांदीला बांधलं आणि परत आलो. तुझ्या आईनं विचारलं कुठे गेला होतास, मी म्हटलं चाकात हवा भरायला.

आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन. तेच इंजिन, त्याच दुपारी, तू तिकडे दिफुन्ताला, मी इकडे गाउचितोला. तू विचारलंस, हसतोयस ना? माझी वाचा गेली होती. इतकी वर्षं एकमेकांशिवाय पान हललं नाही आपलं आणि देण्याच्या वेळी दोघांनी मिळून एकच वस्तू दोन दारी कबूल केली, एकमेकांना न विचारता! तुला सांगायला हवं होतं. पण ज्याची आयुष्यभर टर उडवली त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो हे तुला, आणि तेही बोळातल्या फोनवर, कसं सांगू? आता गोंधळ बघ. दिफुन्ताचं दिल्याशिवाय तू येणार नाहीस. तू आलीस की त्याच क्षणी ते गाउचितोचं झालं. तुझं फेडलं तर माझा शब्द मोडतो, आणि माझा राखला तर तुम्ही तिकडेच. माझा कशावरच विश्वास नाही, तरी मला भीती वाटते. कुणाची वाटते तेच कळत नाही. म्हणून ते दुसरं इंजिन. लबाडी म्हणून नाही, दोघांनाही रिकाम्या हाताने परत पाठवायचं नव्हतं.

तू विचारलंस, इंजिन हवंय की मुलगी. अगं, ते मी तुझा फोन येण्याआधीच देऊन बसलो होतो. तू मागितलंस तेव्हा माझ्याकडे ते नव्हतंच. आता मी एवढं ठरवलंय, आणि ठरवल्यावरही ते बरोबर आहे की नाही कळत नाही. शनिवारी यामिलच्या ट्रकमध्ये घालून चांगलं इंजिन, नंबरवालं, आवाजवालं, तिन्ही कार्ब्युरेटरांसह, बायेसितोला नेतो. तुझी आई सोबत येणार म्हणते, मी खरंच ठेवतो की नाही ते बघायला. ते ठेवलं की तुझा उंबरा मोकळा. रविवारी तू फोन कर, तुझी आईच तुला सांगेल. मग तुम्ही दोघी बसमध्ये बसा. पण उंबरा ओलांडण्याआधी, सेलेस्तेला दारातच तुझ्या आईजवळ सोडून, तू माझ्याबरोबर कालव्याच्या रस्त्यावर चल. दुसरं इंजिन मी ट्रकमध्ये चढवून तयार ठेवतो. ते मी गाउचितोला ऐकवलेलं नाही, ते चालूही होत नाही, पण त्यातलं बहुतेक सगळं आपण तरुण असतानाचं आहे. त्याला हे चालेल का, ते तू विचार. तुला या लोकांशी बोलता येतं. मी आयुष्यात एकदाच बोललो आणि केवढा घोळ घालून बसलो.

वाट पाहतो.

तुझाच, आणि शनिवारनंतर बिनइंजिनाचा,
अन्सेल्मो